मासळीचे तेल की डॉक्टरांची गोळी?

दिवाळीचा फराळ आणि रक्ताची तपासणी यांचे नाते मोठे मजेदार आहे. चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले असेपर्यंत घरात तपासणीचे नाव कोणी काढीत नाही. आणि डब्यांच्या तळाशी नुसता चुरा उरला, की वडीलधारी मंडळी एकेक करून सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेची वाट धरू लागतात. संध्याकाळी तो छापील कागद घरी येतो. चष्मे शोधले जातात. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एच.डी.एल., एल.डी.एल. ही नावे मोठ्याने वाचली जातात, आणि जो आकडा जाड ठशात असेल त्याकडे सारे घर संशयाने पाहू लागते.

यानंतर एक प्रश्न हमखास निघतो. "डॉक्टर म्हणतात, रोज एक गोळी घ्या आणि ती कायम चालू ठेवा. पण त्या गोळीपेक्षा मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल काय वाईट? त्यांनीही रक्तातली चरबी उतरते म्हणतात. शिवाय ते नैसर्गिक!"

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. मासळीच्या तेलाने रक्तातील चरबी उतरते, ही गोष्ट खरी आहे. गोळीने उतरते, हेही खरे आहे. मग दोहोंपैकी आवडेल ते एक घेतले तर बिघडले कुठे? बिघडते ते 'चरबी' या एका शब्दात. त्या शब्दाखाली दोन निरनिराळ्या वस्तू लपलेल्या आहेत. तेलाचा जोर एकीवर चालतो, गोळीचा दुसरीवर. हा भेद ज्या घरात कळला नाही, त्या घरात कधी कधी जिवावरचा प्रसंग ओढवतो. म्हणून यंदाच्या दिवाळीला या सदरात तोच भेद जरा सावकाशीने पाहू.

सरपण आणि चुना

तेल आणि पाणी एकजीव होत नाही, हे आमटीवरचा तवंग रोज पाहणाऱ्या गृहिणीला सांगायला नको. रक्त हे बव्हंशी पाणीच. तेव्हा स्निग्ध पदार्थ रक्तातून इकडून तिकडे न्यायचे, तर ते नुसते सोडून चालत नाही. ते प्रथिनांच्या आवरणात बांधून पाठवावे लागतात. ही बांधाबांध मुख्यतः यकृत करते. या गाठोड्यांना आपण सोयीसाठी गाड्या म्हणू.

या गाड्यांतून दोन प्रकारचा माल जातो. पहिला ट्रायग्लिसराइड. हे शरीराचे सरपण होय. आपल्या बरणीतले गोडे तेल किंवा साजूक तूप हे जवळजवळ सारे ट्रायग्लिसराइडच असते. शिवाय गरजेपेक्षा जास्त खाल्लेला भात आणि साखर यांचेही यकृत सरपणच करून ठेवते. दारूनेही ते वाढते. दुसरा माल कोलेस्टेरॉल. हे जाळायचे नसते; हे बांधकामाचे सामान, आपल्या भाषेत चुना म्हणा. प्रत्येक पेशीच्या भिंतीला ते लागते, पित्त तयार करायला लागते, काही संप्रेरकेही त्यातूनच बनतात. तेव्हा कोलेस्टेरॉल हा मुळात शत्रू नव्हे. प्रश्न आहे तो चुन्याच्या गाड्या रस्त्यात किती काळ हिंडत राहतात याचा.

यकृतातून निघालेल्या गाडीत मुख्यतः सरपण असते. वाटेत स्नायू आणि चरबीचे साठे ते उतरवून घेतात. आणि सरपण संपत आलेली तीच गाडी अखेर चुना घेऊन हिंडणारी एल.डी.एल. गाडी बनते. यकृताने ती परत ओढून घेतली तर ठीक. नाही घेतली आणि अशा गाड्या फार झाल्या, तर त्या धमन्यांच्या अस्तरात शिरून रुततात. वर्षानुवर्षे तेथे थर साचतो, एखाद्या दिवशी तो थर फुटतो, आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. हृदयविकाराचा झटका म्हणतात तो बहुधा हाच.

सरपण फार झाले तरी ते बरे नव्हेच. सरपणाच्या अर्धवट रिकाम्या गाड्यांतही थोडा चुना असतो, आणि तोही धमनीत जातो. ट्रायग्लिसराइडचा आकडा दीडशेच्या आत असावा असे मानतात. तो पाचशेच्या वर गेला, आणि विशेषतः हजाराच्या घरात पोचला, तर स्वादुपिंडाला अकस्मात सूज येण्याची भीती असते. ते दुखणे फार भयंकर. थोडक्यात, एकाच कागदावर दोन आकडे आहेत आणि ते दोन निरनिराळ्या संकटांची सूचना देतात.

बर्फातली मासळी, तांदळावरची बुरशी

मासळीच्या तेलाची कीर्ती पसरली ती ग्रीनलंडच्या बर्फातून. सन १९७० मध्ये हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. तेथील इन्यूइट लोक, ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत, सील, देवमासा आणि मासळी यांवर जगणारे. भाजीपाला नावालाच. एवढी चरबी खाऊन या लोकांच्या रक्तात चरबी किती, हे पाहण्यासाठी या दोघांनी १३० जणांचे रक्त घेतले. डेन्मार्कमधील लोकांशी ताडून पाहता इन्यूइटांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड बरेच कमी निघाले. पुढे याचे श्रेय त्यांच्या आहारातील दोन स्निग्धाम्लांना मिळाले. त्यांची नावे लांबलचक आहेत. जगभर त्यांना ई.पी.ए. आणि डी.एच.ए. म्हणतात. बाटलीवर 'ओमेगा-३' म्हणून जे लिहिलेले असते, ते मुख्यतः हेच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्रीनलंडमध्ये त्या दोघांनी रक्त तपासले. हृदयविकाराने किती माणसे दगावतात याची मोजदाद त्यांनी स्वतः केली नव्हती. २०१४ साली कॅनडातील संशोधकांनी जुने कागद पुन्हा चाळून हे दाखवून दिले. तोवर 'मासळी खाणाऱ्याला हृदयविकार नाही' ही समजूत बाटलीबंद होऊन साऱ्या जगात विकली गेली होती.

गोळीचा जन्म याहून नवलाचा आहे. जपानमधील अकिरा एंडो या शास्त्रज्ञाला लहानपणापासून बुरशी आणि अळंबी यांचा नाद. बुरशीपासून पेनिसिलिन निघाले, तर कोलेस्टेरॉल अडवणारे एखादे द्रव्यही तिच्यात का नसावे, असा त्याचा तर्क. एकामागून एक अशा सहा हजारांहून अधिक जातींची त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी परीक्षा केली. अखेर १९७३ साली हवे ते द्रव्य सापडले. क्योतो शहरातील एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीत ते होते. याच वंशातले लोव्हास्टॅटिन हे औषध १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले, आणि पुढे सिमव्हास्टॅटिन, अटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन अशी भावंडे त्याच्या मागून आली. यांनाच एकत्रितपणे स्टॅटिन म्हणतात. तेव्हा तेल 'नैसर्गिक' आणि गोळी 'रासायनिक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, गोळीचे माहेरही निसर्गाच्याच घरी आहे.

दोघांच्या कामाची तऱ्हा मात्र वेगळी. मासळीचे तेल यकृताला सरपणाच्या गाड्या कमी भरायला लावते; म्हणून ट्रायग्लिसराइड उतरते. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलचा कारखाना मंदावते. घरचा माल कमी पडू लागला, की यकृत रस्त्यावरच्या चुन्याच्या गाड्या अधिक जोराने आत ओढू लागते, म्हणून एल.डी.एल. उतरते. या गाड्या ओढून घेणारे आकडे यकृताच्या पेशींवर असतात, हे शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

समोरासमोर

आता दोघांना एकाच आखाड्यात उतरवून पाहू. असा एक प्रयोग अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी केला आणि २०२२ साली त्याचे निष्कर्ष जाहीर केले. सुमारे दोनशे माणसे, आणि मुदत अठ्ठावीस दिवसांची. काहींना रोसुव्हास्टॅटिनची पाच मिलिग्रॅमची लहानशी गोळी, काहींना मासळीचे तेल, काहींना लसणीची गोळी, काहींना दालचिनी, काहींना हळद, काहींना वनस्पतिजन्य स्टेरॉल, काहींना लाल यीस्टचा तांदूळ. आणि एका गटाला औषध नसलेली नुसती खोटी गोळी. निकाल असा लागला की, स्टॅटिनने एल.डी.एल. सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. आणि बाकीच्यांपैकी एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. लसणीच्या गटात तर एल.डी.एल. उलट थोडे चढलेले आढळले!

यावरून कोणी स्वयंपाकघरातली हळद आणि लसूण बाहेर फेकू नये. फोडणीत त्यांचे स्थान अढळ आहे. फक्त त्यांच्यावर डॉक्टरकी सोपवू नये, इतकेच. मासळीच्या तेलाच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. या सामन्यात पाहिले गेले ते मुख्यतः एल.डी.एल., आणि एल.डी.एल. उतरवणे हे तेलाचे कामच नव्हे. पोहणाऱ्याला नारळाच्या झाडावर चढायला लावून तो हरला म्हणण्यासारखे ते झाले. पण आपल्या घरात नेमके हेच होत असते. एल.डी.एल.साठी गोळी दिलेली असते आणि तिच्या जागी तेल घेतले जाते.

याच्या उलट साक्ष देणारा एक प्रयोग लोक नेहमी पुढे करतात. तो २००८ साली अमेरिकेतील 'मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चौऱ्याहत्तर माणसे घेतली. निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन. उरलेल्यांना मासळीचे तेल, लाल यीस्टचा तांदूळ, आणि त्यांच्या जोडीला आहार, व्यायाम यांचे बाकायदा शिक्षण. बारा आठवड्यांनी पाहिले, तर गोळीवाल्यांचे एल.डी.एल. ३९.६ टक्क्यांनी उतरलेले, आणि दुसऱ्या गटाचे ४२.४ टक्क्यांनी! ट्रायग्लिसराइड तर गोळीवाल्यांचे ९ टक्क्यांच्या आसपास उतरले आणि दुसऱ्यांचे २९ टक्के. "बघा, मासळीच्या तेलाने गोळीवर मात केली," असे म्हणायला आणखी काय हवे?

पण जरा थांबून ताटात काय काय वाढले होते ते पाहू. लाल यीस्टचा तांदूळ म्हणजे एका विशिष्ट बुरशीने आंबवलेला तांदूळ. चीनमध्ये तो शतकानुशतके वापरात आहे. त्यात मोनॅकोलिन-के नावाचे द्रव्य असते. आणि हे मोनॅकोलिन-के म्हणजेच लोव्हास्टॅटिन. नाव निराळे, वस्तू तीच. म्हणजे 'औषधाविना' एल.डी.एल. उतरवणाऱ्या गटाच्या पोटात स्टॅटिनच जात होते; फक्त ते तांदळाच्या वेषात आले होते. त्या गटाचे वजनही सरासरी पावणेपाच किलोंच्या जवळपास उतरले होते. तेव्हा एल.डी.एल. उतरवण्याचे मोठे श्रेय तांदळातल्या स्टॅटिनला, ट्रायग्लिसराइडचे श्रेय तेलाला आणि कमी झालेल्या वजनाला, अशी वाटणी करणेच न्यायाचे. शिवाय अशा तांदळाच्या निरनिराळ्या बाटल्यांत हे द्रव्य कमी-जास्त सापडते. २०२२ च्या प्रयोगातला तांदूळ निष्प्रभ ठरला तो उगाच नव्हे. डॉक्टरांच्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते तरी आपल्याला ठाऊक असते.

आकडा उतरला, धोका उतरला का?

आकडा उतरणे हे साधन आहे. माणूस वाचणे हे साध्य. स्टॅटिनच्या बाबतीत ही कसोटी १९९४ साली लागली. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोगी घेऊन निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना खोटी गोळी दिली. सरासरी ५.४ वर्षांत खोट्या गोळीच्या गटात २५६ माणसे दगावली, तर औषधाच्या गटात १८२. पुढे लाखाहून अधिक लोकांवरील प्रयोगांची बेरीज मांडली गेली, आणि हिशेब असा निघाला की, एल.डी.एल. सुमारे चाळीस मिलिग्रॅमने उतरवले, तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या आपत्ती एक-पंचमांशाने कमी होतात.

मासळीच्या तेलाची कहाणी इतकी सरळ नाही. १९९९ साली इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांवरील प्रयोगाचा निकाल आला. रोज एक ग्रॅम तेलाने मृत्यू थोडे कमी झाले. प्रयोग सुरू झाला तेव्हा स्टॅटिन घेणारे थोडेच होते. पुढे स्टॅटिनचा प्रसार झाल्यावर २०१८ साली दोन मोठे प्रयोग पुरे झाले. एक अमेरिकेतील २५,८७१ प्रौढांवर, दुसरा ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही लोकांवर. दोन्हींत रोज एक ग्रॅमच तेल. आणि दोन्हींत मुख्य आपत्ती लक्षात येण्याजोग्या कमी झाल्या नाहीत. म्हणजे घरोघरच्या बाटलीतून जेवढे तेल घेतले जाते, तेवढ्याने फारसे साधत नाही.

मोठ्या मात्रेचे काय? जपानमध्ये १८,६४५ लोकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ साली आले. सर्वांना स्टॅटिन होतेच. अर्ध्यांना त्याच्या जोडीला रोज १.८ ग्रॅम शुद्ध ई.पी.ए. दिले. त्यांच्यात हृदयाच्या आपत्ती १९ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१८ साली ८,१७९ रुग्णांवरील प्रयोगात, स्टॅटिन चालू असताना रोज चार ग्रॅम शुद्ध केलेले ई.पी.ए. दिल्याने आपत्ती पाव हिश्शाने घटल्या. या प्रयोगात तुलनेच्या गटाला जे खनिज तेल दिले होते, त्यानेच त्या गटाचे थोडे नुकसान झाले असावे, असा आक्षेप निघाला. त्यानंतर २०२० साली १३,०७८ रुग्णांवरील प्रयोग, ज्यात ई.पी.ए. आणि डी.एच.ए. यांचे मिश्रण चार ग्रॅम दिले जात होते, फायदा दिसत नाही म्हणून मुदतीआधीच थांबवावा लागला. हा वाद आजही मिटलेला नाही. मात्र एका गोष्टीबद्दल या प्रयोगांचे एकमत आहे: मोठ्या मात्रेने काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. 'नैसर्गिक' वस्तूलाही हिशेब चुकवावा लागतो तो असा.

आता एक गोष्ट सुबुद्ध वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. अलीकडच्या ज्या दोन प्रयोगांत तेल यशस्वी झाले, त्या दोहोंत ते गोळीच्या जोडीला होते. गोळीच्या जागी नव्हते. आणि नुसते ट्रायग्लिसराइड उतरले म्हणजे सारे साधले असेही नाही. पेमाफायब्रेट नावाच्या एका औषधाने दहा हजारांवर मधुमेही रुग्णांचे ट्रायग्लिसराइड सुमारे पाव हिश्शाने उतरवले. पण २०२२ साली निकाल हाती आला तेव्हा हृदयविकाराचे प्रमाण जिथल्या तिथे होते.

माधवरावांचा कागद

हे सारे घरच्या भाषेत मांडायचे, तर असे एक घर डोळ्यांपुढे आणा. माधवराव नावाचे गृहस्थ आहेत, वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत जाळी बसवलेली. गोळी चालू, एल.डी.एल. अडुसष्ट. दिवाळीला जावईबापू अमेरिकेहून येतात आणि येताना मासळीच्या तेलाची भलीमोठी बाटली आणतात. माधवराव खूश. गोळीची पाकिटे कपाटात जातात आणि रोज चार सोनेरी कॅप्सूल सुरू होतात. साखर सुटते, संध्याकाळचे फिरणे सुरू होते. तीन महिन्यांनी तपासणी. ट्रायग्लिसराइड दोनशे तीसवरून एकशे पंच्याऐंशीवर!

"बघ, मी म्हणत नव्हतो?" माधवराव कागद नाचवीत म्हणतात.

सुशीलाबाई चष्मा लावून खालची ओळ वाचतात. "अहो, पण हे एल.डी.एल. एकशे पंचेचाळीस कसं? गेल्या खेपेला अडुसष्ट होतं ना?"

डॉक्टरांकडे गेल्यावर ते रागावत नाहीत. ते एवढेच म्हणतात, "माधवराव, तेलानं आणि फिरण्यानं आपलं काम केलं. पण जाळी बसवलेल्या माणसाच्या दाराशी मी एक पहारेकरी ठेवला होता. त्याला तुम्ही रजा दिलीत, आणि त्याच्या जागी माळी नेमलात. बाग छान झाली. चोराचं काय?"

हे घर कल्पनेतले आहे. परंतु अशी घरे शहरात थोडी नाहीत. आणि प्रत्येक घरात सुशीलाबाई खालची ओळ वाचतीलच असे नाही.

आपल्या घरासाठी

ट्रायग्लिसराइडचा प्रश्न आपल्याकडे लहान आहे असे मात्र कोणी समजू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथे झालेल्या पाहणीचे आकडे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात तपासलेल्यांपैकी २९.५ टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते, एल.डी.एल. वाढलेले ११.८ टक्के, आणि एच.डी.एल., म्हणजे ज्याला लोक 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात, ते कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. तेव्हा सरपणाचे ओझे आपल्या घरात मोठेच आहे. ते उतरवण्याचा पहिला उपाय मात्र बाटलीत नाही. साखर आणि मैदा कमी, भाताचा दुसरा डाव नको, दारू असेल तर बंद, पोट कमी, आणि रोज अर्धा तास भरभर चालणे. मधुमेह काबूत नसेल किंवा थायरॉइड मंद असेल, तरी हा आकडा चढतो. म्हणून ते आधी पाहावे.

मासळी खाणाऱ्यांनी मासळी जरूर खावी. पापलेट-सुरमईला मान मोठा. पण या कामात बांगडा आणि तारली ही स्वस्त, तेलकट मासळी अधिक उपयोगाची. कालवण किंवा तिखले करावे. कढईभर तेलात तळून काढली, की एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले असे होते. शाकाहारी मंडळींसाठी जवसाची चटणी चांगली. मात्र जवसातले ओमेगा-३ निराळ्या जातीचे असून शरीर त्याचे ई.पी.ए. आणि डी.एच.ए. फारच थोडे बनवते. गंमत अशी की, मासळीही हे स्निग्धाम्ल मुख्यतः पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळापासूनच मिळवते. आणि त्या शेवाळाचे तेल आता शाकाहाऱ्यांसाठी बाजारात मिळते.

बाटली विकत घेणाऱ्यांनी ती उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावी. पुढे '१००० मिलिग्रॅम मासळीचे तेल' असे लिहिलेले असते. पण साध्या कॅप्सूलमध्ये ई.पी.ए. आणि डी.एच.ए. मिळून बहुधा तीनशेच मिलिग्रॅम असतात. ट्रायग्लिसराइड वीस ते तीस टक्क्यांनी उतरवायचे, तर यांचे रोज दोन ते चार ग्रॅम लागतात. तीन ग्रॅमचा हिशेब केला तरी रोज दहा कॅप्सूल झाल्या! एवढी मात्रा डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी घेऊ नये. आणि जुन्या पिढीने नाक दाबून प्यालेले कॉड माशाच्या यकृताचे तेल ते हे नव्हे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात. ते भरमसाट घेतले तर जीवनसत्त्वांचाच अतिरेक होतो.

गोळीच्या भीतीबद्दलही दोन शब्द. स्टॅटिनने काही जणांचे स्नायू दुखतात, रक्तातील साखर किंचित वाढू शकते, आणि क्वचित यकृतावर परिणाम होतो. हे खरे आहे आणि डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे. पण २०२० साली लंडनमध्ये, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या साठ जणांवर एक प्रयोग झाला. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने काहीच नाही, असे पाळीपाळीने दिले. आपण कोणती गोळी घेतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीनेही झाला होता. दुखणे खोटे नव्हते. कारण दुसरे होते. तेव्हा अंग दुखू लागले तर गोळी आपल्या मनाने बंद करण्याऐवजी डॉक्टरांना गाठावे. मात्रा कमी करता येते, भावंडांपैकी दुसरी गोळी देता येते, आणि स्टॅटिनखेरीज दुसरी औषधेही आज आहेत.

तात्पर्य, डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझा कोणता आकडा वाढला आहे, एल.डी.एल. की ट्रायग्लिसराइड? मला दिलेले औषध त्यातल्या कोणत्या आकड्यासाठी आहे? आणि माझ्या वयाला, माझ्या दुखण्याला, हा आकडा कुठवर उतरायला हवा? ही तीन उत्तरे मिळाली, की तेल की गोळी हा वाद बहुतेक घरांत आपोआप मिटतो. कोणाला गोळी लागेल, कोणाला गोळी आणि तेल दोन्ही, तर कोणाला चालण्याचे जोडे आणि थोडा संयम एवढेच पुरेल.

आणि कागदावरच्या सगळ्या ओळी वाचाव्यात. ज्या ओळीने आनंद झाला तिच्यावरच थांबू नये. दिवाळीचा फराळ मात्र बेताने आणि चार जणांत वाटून जरूर खावा. वाचकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना ही दीपावली निरोगी जावो!